मंडईतला वन्समोर

कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसाला गोंदिया हे गाव नसतं, ती गाडीवरची पाटी असते. आमच्या स्टेशनातून रोज एक गाडी सुटते, तिच्यावर 'गोंदिया' लिहिलेलं असतं, आणि आपण मिरजेला नाहीतर पुण्याला उतरून जातो. पुढे ती कुठे जाते याची चौकशी मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत केली नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसून राहिले. निघताना शेजारच्या पाटणकरीणबाई म्हणाल्या, "अहो, तिकडे जंगल ना सगळं? नाटक बघायला वाघ येणार का?" मी म्हटलं, आला तर त्यालाही भूमिका देते. हा विनोद जाताना सुचला होता. येताना एकही सुचला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, पुढे वाचणाऱ्याची फसगत नको.

मी शाळेत नाटक शिकवायची. नागपूरच्या एका शिबिरात हेमराज सर भेटले होते. गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, आणि हिवाळाभर तिकडच्या नाटकांत काम करणारे. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. शाळेत पोषण आहार शिजवायला शीलाबाई नावाची बाई लागली होती. शीलाबाई बौद्ध. गावातली बरीच हिंदू घरं तेव्हापासून मुलांना डबा देऊ लागली होती. भांडण नाही, तक्रार नाही, नुसते डबे. दुपारी खिचडीची रांग वेगळी आणि व्हरांड्यात डब्यांची रांग वेगळी. दिवाळीनंतर शाळा समितीची बैठक होती आणि "पोट्टे जेवतच नाही तं बाई कायले पायजे" असं लोक बोलू लागले होते. सर म्हणाले, "मॅडमजी, भाषन देऊन काही होत नाही इथं. नाटक लोक पाहातात. तुमी या."

नाटक लोक पाहतात. एवढ्या एका वाक्यावर मी अख्खा महाराष्ट्र आडवा कापून गेले.

गोंदिया

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी मी मराठीत बोलले, त्यानं हिंदीत उत्तर दिलं. मी हिंदीत बोलले तर म्हणाला, "मॅडम, मराठी बोला ना, समझता है." आमचं हे असं बसस्टँडपर्यंत चाललं. कोपऱ्यावर पोहे खाल्ले. त्यांच्यावर तर्रीचा लाल पळीभर रस्सा ओततात. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचा गर्व असतो, तो इथे बराच उतरला. डोळ्यांतून पाणी आलं आणि पोहेवाल्यानं न मागता साखर पुढे केली.

हेमराज सर मोटारसायकल घेऊन आले. मागे बसून, पोटाशी बॅग धरून मी गोरेगावच्या रस्त्याला लागले.

गोरेगावच्या पुढे

आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, त्यामुळे शेतापलीकडचं काही दिसत नाही. इथे सगळं उघडं. कापलेल्या धानाच्या बांध्या, आमच्या भाषेत भातखाचरं, मधेच एखादी बोडी, म्हणजे छोटं तळं, तिच्यात शिंगाड्याची पानं पसरलेली. बायका वाकून कापत होत्या आणि पेंढ्यांचा ओलसर वास सगळ्या रस्त्यावर होता. मला ते फार आवडलं. आजही डोळे मिटले की तेच आधी दिसतं, आणि मग बाकीचं.

मुक्काम सरांच्या घरी. त्यांच्या आईला सगळा गाव मोठी माय म्हणतो. साठी ओलांडलेली, काटक, शेतीचं सगळं हातात ठेवलेली बाई. मी उंबऱ्यात पाऊल टाकताच तिनं बॅग काढून घेतली. "लाजू नका जी, आता हे घर तुमचंच हाये," म्हणाली आणि शिंगाडे उकडायला ठेवले. ते काळे शिंगाडे मी घाईनं दातानं फोडायला गेले आणि ओठात काटा घुसला. मोठी मायनं कंदिलासारखी टॉर्च धरून तो काढला. रात्री भात, लाखोळीची डाळ, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी. मी भाकरी आहे का विचारलं, तर तिनं काळजीनं माझ्या कपाळाला हात लावला. "पोट बिघडलं का तुमचं?" भाताच्या प्रदेशात भाकरी मागणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर रुसलेला. दुसऱ्या दिवशी कुठूनसं पीठ आणून तिनं माझ्यासाठी जाडजूड भाकरी थापली. माझ्या आईनंतर माझी अशी काळजी कोणी केली नव्हती.

सकाळी सरांचा मुलगा लोकेश शाळेला निघाला. आठवीतला. त्याच्या दप्तरात मोठी मायनं डबा घातला. मी सरांकडे पाहिलं. सर मोटारसायकल पुसायला लागले.

"आईपुढं माहं चालत नाही मॅडमजी," फाटकाबाहेर आल्यावर ते म्हणाले.

शाळेचा व्हरांडा

सातवी-आठवीची मुलं. गोल करून बसवलं. मी माझा नेहमीचा खेळ सांगितला: दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल घरी ऐकलेलं एक वाक्य आणायचं, जसंच्या तसं, आणि ज्यानं ते म्हटलं त्याच्यासारखं म्हणून दाखवायचं. पहिल्या दिवशी सगळे गप्प. एक मुलगा म्हणाला, "आमच्या घरी कोनी काही बोलतच नाही मॅडम." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी बांध फुटला. "त्यायच्या टोलीत पानी पेऊ नको." टोली म्हणजे वस्ती. "ते दगडाले दूध पाजतात अन् मानसाले दूर ठेवतात." "यायले फुकटचं भेटते सारं." "त्यायच्या देवाच्या वर्गणीले आपन कायले द्याची?" दोन्हीकडची वाक्यं होती. सगळं तोंडपाठ, आईबापांच्या हेलासकट.

मग प्रणाली उठली. आठवीतली, उंच, दोन वेण्या. शीलाबाईंची मुलगी. तिनं ओढणीचा पदर केला, तो कमरेला खोचला, एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं न दिसणारं ताट लांब ढकललं. "तुमी देव सोडला, मी तुमच्या हातचा भात सोडला!"

मुलं हसली, मग दचकून थांबली. मी टाळी वाजवली. पहिली टाळी माझी होती. काय आवाज, काय ठसका! शाळाशाळांतून मी एवढी वर्षं असं एखादं पोर शोधत हिंडले होते.

"कुठे ऐकलंस?" मी विचारलं.

"मायले काम भेटलं तवा माय घरोघरी सांगाले गेली होती, पोट्ट्याइले जेवाले पाठवा म्हनून. मी मागं उभी होती. एका आंगनात ऐकलं."

कोणाच्या, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या एका वाक्याभोवती नाटक उभं राहिलं. भूमिका उलट करायच्या, हा माझा आवडता उपाय. नाकारणाऱ्या बाईचं काम प्रणालीनं करायचं आणि खिचडीवालीचं लोकेशनं. दुसऱ्याचा अंगरखा घातला की तो कुठे काचतो ते कळतं, असं मी नेहमी सांगते. शेवटच्या प्रवेशात ती बाई डबा घेऊन एकटीच बसलेली असते, तिच्याशी कोणी बोलत नाही, आणि अखेर ती उठून खिचडीवालीपुढे ताट धरते. हा शेवट मुलांनीच सुचवला. तालमीत प्रणाली ताट धरायची तेव्हा लोकेश आपण होऊन अर्धी पळी जास्त वाढायचा. मला वाटलं, जमलं.

एकदा तालीम संपल्यावर प्रणाली माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मॅडम, हे पाहून पोट्टे जेवतीन ना माह्या मायच्या हातचं?"

"जेवतील," मी म्हटलं.

मंडईचा दिवस

दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे आमच्याकडचा भाजीबाजार नव्हे; ती जत्रा. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, लग्नं जुळतात. पाळणे, बांगड्या, जिलेबी, शिंगाड्यांचे ढीग. दुपारी दंडार, म्हणजे ढोलकीवरचा नाच-सोंगांचा खेळ, आणि रात्री मोठं नाटक. रात्रीच्या नाटकासाठी बांधलेल्या रंगमंचावर दुपारी, दंडारीच्या आधी, शाळेला वेळ मिळाला होता. पडदे, माइक, समोर सगळा गाव. हेमराज सरांनी त्यासाठी किती जणांचे पाय धरले असतील देव जाणे. शीलाबाई बायकांच्या बाजूला अगदी मागे बसल्या होत्या. नवी साडी नेसून आल्या होत्या.

पडदा वर गेला आणि लोकेश साडी नेसून, हातात पळी घेऊन आला. तो एक शब्द बोलायच्या आत हशा पिकला. मला कळेना. मग विंगेत माझ्याशेजारी उभे असलेले एक गृहस्थ मला कौतुकानं म्हणाले, "जमला जी पोट्टा! दंडारीतल्या नाच्यावानी दिसून राहिला." तिकडे साडी नेसलेला पुरुष हसवायलाच येतो. पिढ्यान् पिढ्या असंच पाहिलेलं. लोकेश गंभीरपणे म्हणाला, "लेकराइनो, जेवाले या," आणि लोक हसून लोळायला लागले. लोकेश गोंधळला. मग त्याला हशाची चव लागली. तो कंबर हलवून चालायला लागला.

मी विंगेतून हातवारे केले. उंटावरून शेळ्या हाकत होते मी, कोल्हापूरच्या उंटावरून.

मग प्रणाली आली. पदर खोचला, ताट ढकललं, आणि म्हणाली. "तुमी देव सोडला, मी तुमच्या हातचा भात सोडला!"

मग शिट्ट्या, टाळ्या, आणि एकच गजर, "वन्समोर!"

या मुलखात नाटकातलं वाक्य आवडलं की लोक वन्समोर देतात आणि नट तिथल्या तिथे मागे फिरून तो प्रवेश पुन्हा करतो. नाही केला तर तो मग्रूर ठरतो. आणि वन्समोर बहुतेक खलपात्राला मिळतो, कारण जोरदार वाक्यं त्याच्याच तोंडी असतात. हे हेमराज सरांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. मासा पाण्याबद्दल काय सांगणार?

प्रणालीनं ते वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा वन्समोर. ती पुन्हा म्हणाली, आणखी खणखणीत. तिसरा वन्समोर आला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं तिच्याबरोबर म्हणायला लागली. माइकवरून पुकारा झाला की प्रणालीला बक्षीस आहे, आणि मोठी माय पदर सावरत, हसत हसत रंगमंचावर चढली. तिनं प्रणालीच्या पदराला नोट टाचली, गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. प्रणाली तिच्याकडे बघतच राहिली.

एवढ्यात वेळ संपला. दंडारीचे लोक ढोलक्या घेऊन तयार होते. मी ओरडले, "शेवटचा प्रवेश राहिलाय!" रात्रीच्या नाटकमंडळाचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "झालं ना जी मॅडम, एवढा वन्समोर भेटल्यावर आनखी काय पायजे?" आणि त्यानं पडदा ओढला. आत प्रणाली रिकामं ताट घेऊन शेवटच्या प्रवेशासाठी उभी होती.

ती धावत विंगेत आली. चेहरा फुललेला होता. "मॅडम, तीनदा! तीनदा वन्समोर!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, ज्यायनं नोट लावली ना, त्याच त्या. त्यायच्याच आंगनात ऐकलं होतं."

शाबास म्हटलं. त्या पोरीला तेवढं तरी मिळू दे, असं वाटलं.

शीलाबाई मागून आल्या. मुलीच्या पदरावरची नोट त्यांनी बराच वेळ पाहिली. मला म्हणाल्या, "चांगली बोलली पोरगी. तिच्यापरीस बरी बोलली." आणि जिलेबी घ्यायला म्हणून निघून गेल्या.

त्या रात्री ताटावर मला राहवलं नाही. "मोठी माय, ते वाक्य कोणाचं, ओळखलंत का?"

"माहंच तं हाये!" ती खळखळून हसली. "म्हनून तं मजा आली. पोट्टीनं कसं बरोबर उचललं, मान बी तशीच मुरडली."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट काऊन वाटन? खरंच तं बोलली. त्यायनं सोडला ना देव? मंग. कोनाले मारलं का मी, शिवी देल्ली का?" तिनं माझ्या पानात आणखी भात वाढला. "जेवा जी तुमी. काहीच जेवून नाही राहिल्या."

हेमराज सर मान खाली घालून जेवत होते. लोकेश आजीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होता. मला त्या बाईचा राग यायला हवा होता. तो येईना. जिनं माझ्या ओठातला काटा काढला तीच ही, आणि तिच्या मनात कुठे सांधाच नव्हता, ज्यात बोट घालून काही उघडता येईल. नाटकानं माणसाला आरसा दाखवावा म्हणतात. दाखवला. तिनं त्यात बघून केस नीट केले.

पुन्हा शाळा

दुसऱ्या दिवशी माझी निघायची वेळ दुपारनंतरची होती. जेवणाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात थांबले. शीलाबाईंनी पातेलं मांडलं. पहिलीची चिल्लीपिल्ली ताटं घेऊन रांगेत आली. ही आजवर रोज निमूट जेवणारी पोरं. त्यातल्या एकानं ताट पुढे केलं, मग कमरेवर हात ठेवून ते मागे ओढलं आणि बोबड्या बोलीत म्हणाला, "तुमी देव सोल्ला!" सगळ्या रांगेनं पुढचं पुरं केलं. हसत, उड्या मारत. त्यांना त्याचा अर्थ कुठला माहीत? कालच्या मंडईतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य होतं ते. ती ते म्हणत होती आणि लगेच ताट पुढे करून भात घेत होती.

शीलाबाई वाढत राहिल्या. प्रत्येक ताटामागे ते वाक्य, आणि प्रत्येक वाक्यामागे पळीभर खिचडी.

मग लोकेश आला. हातात डबा नव्हता, ताट होतं. तो आजवर त्या रांगेत कधी उभा राहिला नव्हता. तो शीलाबाईंपुढे पोचला न पोचला तोच मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, नाच्या आला, नाच्या!" आणि रांगभर कंबर हलवून टाळ्या सुरू झाल्या. लोकेश लालबुंद झाला. त्यानं ताट खांबाशी ठेवलं आणि मैदानाकडे पळत गेला. हेमराज सर मुलांवर ओरडले, छडी उगारली. त्यानं मुलं गप्प झाली, एवढंच.

प्रणाली वर्गाच्या दारात उभी होती. तिला ते सगळं ऐकू येत होतं. ती जेवायला आली नाही. मी तिच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. तिनं तो हळूच काढला, उद्धटपणे नाही, दप्तराचा पट्टा सरकवावा तसा.

कोहमारा

सरांनी मला कोहमाऱ्यापर्यंत सोडलं. तिथून नागपूरची बस. धाब्यावर ट्रकवाले जेवत होते. बस उशिरा होती. सर एकदा म्हणाले, "आपन शेवटचा प्रवेश आधी घेतला असता तं?" मी म्हटलं, तर लोकांनी त्याला वन्समोर दिला नसता. नाटक हा माझा धंदा, माझा देवधर्म म्हणा हवं तर. त्यानं काहीतरी बदलतं, या एका समजुतीवर मी आयुष्य काढलं. त्या धाब्यावर बसून मला वाटलं, नाटक बिचारं कोणाचंच नसतं, समोर जो बसलेला असतो त्याचं होतं. आणि समोर कोण बसलं होतं ते मी पाहिलं होतं.

कोल्हापुरात आल्यावर पाटणकरीणबाईंनी विचारलं, "वाघ आला का?" मी म्हटलं, नाही.

मधे हेमराज सरांचा फोन आला. समितीची बैठक झाली. शीलाबाईंना काढलं नाही. चांगली बातमी द्यावी तशी त्यांनी ती दिली, आणि चांगलीच होती.

"आणि डबे?" मी विचारलं.

"वाढले जी," ते म्हणाले. "प्रणाली बी डबा आनून राहिली आता."

मला आधी नीट ऐकल्यासारखं वाटेना. "प्रणाली? आणि बसते कुठे?"

"व्हरांड्यात. डबेवाल्या पोट्ट्याइच्या रांगेत. पन थोडी दूर. ते जवळ बसू देत नाही ना."

"डब्यात काय असतं?"

"भात असते जी," सर म्हणाले. "सकाळी तिची मायच भरून देते."